प्लॉटचं पाणी कुणाच्या दारात?

मागच्या अंकात सांगलीतल्या गटारांच्या उतारावर मी जेमतेम चार ओळी लिहिल्या, तर या महिन्यात पत्रपेटीत दुसरा विषयच नाही. एक पत्र छापण्याजोगं नाही, पण त्यातलं एक वाक्य छापते: "बाई विश्रामबागेत उंचावर राहतात, त्यांना बोलायला काय जातंय?" खरं आहे. सांगलीचा हा भाग उंच, माझ्या दारात २०१९ च्या महापुरातही कृष्णा आली नाही. पण माझ्या स्लॅबवर पडलेला पाऊस काही विश्रामबागेत मुक्काम करत नाही. तो खाली जातो, तुमच्याकडे. त्यामुळे उत्तर द्यायची जबाबदारी माझ्यावर जरा जास्तच आहे. डिप्लोमाच्या पोरांना मी आयुष्यभर जलशास्त्र शिकवलं, तेव्हा आकडे येणारच. पण पाचवीच्या गणितापलीकडे जाणार नाही.

पत्रं छाटली आहेत. नावं गाळली आहेत, कारण काही पत्रं शेजाऱ्याविरुद्ध आहेत आणि मला गल्लीत भांडणं लावायची नाहीत.

प्रश्न : आम्ही पंचवीस वर्षांपूर्वी शामरावनगरमध्ये दोन गुंठे घेऊन घर बांधलं. तेव्हा भोवती उसाची रानं होती. पावसात चिखल व्हायचा, पण पाणी कधी उंबऱ्याला लागलं नाही. आता नदीला पाणी नसतानाही एका वळवात घरात घोटाभर पाणी होतं. पाऊस एवढा वाढलाय का?
— शामरावनगर, सांगली

उत्तर : पाऊस बदलला आहे. मध्य भारतात अतिवृष्टीच्या घटना १९५० नंतर वाढल्या, हे हवामानाच्या अभ्यासकांनी दाखवलं आहे. पण तुमच्या उंबऱ्याचं कारण त्याहून जवळचं आहे आणि ते तुमच्याच पत्रात आहे: भोवती उसाची रानं होती.

आधी एक गोष्ट वेगळी करून ठेवू, कारण निम्मी पत्रं तिथंच गोंधळलेली आहेत. सांगलीला दोन पाण्यांचा त्रास आहे. एक नदीचं. ते महाबळेश्वर, नवजा, कोयनानगर या पट्ट्यात पडतं आणि वाहत आपल्यापर्यंत येतं. सांगली स्वतः पर्जन्यछायेतली. इथं वर्षाला साधारण सहाशे मिलिमीटर पाऊस, महाबळेश्वरला त्याच्या आठ-नऊ पट. दुसरं पाणी आपलं घरचं, म्हणजे आपल्याच छपरांवर, अंगणांत, रस्त्यांवर पडलेलं. नदी तळाला असताना तुमच्या घरात येतं ते हे दुसरं. त्याच्यासाठी कोयनेला शिव्या देऊन उपयोग नाही.

आता गणित. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी. गुंठा म्हणजे १०१ चौरस मीटर. पन्नास मिलिमीटरचा वळीव झाला की एका गुंठ्यावर पाच हजार लिटर पडतं, म्हणजे एक छोटा टँकर. एकरावर असे चाळीस टँकर.

तुमच्या वस्तीचा दहा एकरांचा तुकडा धरू आणि तासाला साठ मिलिमीटर वेगाचा पाऊस. रान असताना त्यातलं तीस टक्के पाणी वाहून जायचं असं धरलं, तर खालच्या टोकाला सेकंदाला दोनशे लिटर येतात. त्याच दहा एकरांत घरं, फरशा, काँक्रीट झालं की वाहून जाणारा वाटा ऐंशी टक्क्यांपर्यंत जातो, आणि सेकंदाला ५४० लिटर होतात. पाऊस तोच, ढगही तोच. आता दोन फुटी सिमेंटचा पाईप घ्या. पाचशे फुटाला एक फूट उतार दिला तर तो भरून वाहताना सेकंदाला पावणेतीनशे लिटर नेतो. रानाचं पाणी त्याने आरामात नेलं असतं. वस्तीचं निम्मंच नेतो. उरलेलं निम्मं तुमच्या उंबऱ्याशी उभं आहे. आणि पाचशेला एक हा उतारही सपाट सांगलीत सगळीकडे मिळत नाही.

खरा घोळ मात्र वेळेचा आहे. पोरांना हे शिकवताना मी लग्नाच्या पंगतीचं उदाहरण द्यायचे. पाचशे माणसं दुपारभर येत राहिली तर आचारी हसतमुख असतो. तीच पाचशे एकदम ताटावर बसली की वाढप्यांची पळापळ आणि वरमाईचा रुसवा. रानात पाणी उसाच्या सरीतून, बांधाला अडत, गवतातून वाट काढत यायचं. लांबच्या कोपऱ्यातलं पाणी खाली पोचायला तास लागायचा, तोवर जवळचं निघून गेलेलं असायचं. स्लॅबवरून पाईपमध्ये, पाईपमधून काँक्रीटच्या गल्लीत आणि गल्लीतून गटारात यायला दहा मिनिटं पुरतात. सगळ्यांचं पाणी एकदम. पावसाची सर्वांत जोरदार दहा मिनिटं तासाच्या सरासरीपेक्षा बरीच जास्त असतात, आणि आता गटाराला नेमकी तीच दहा मिनिटं झेलावी लागतात. म्हणजे माझा ५४० चा आकडासुद्धा कमीच धरलेला आहे. शिवाय गटारं आखतानाच वर्ष-दोन वर्षांतून एकदा येणाऱ्या सरीच्या हिशेबाने आखलेली असतात. त्यापेक्षा मोठी सर आली की ती रस्त्यावर येणार, हे आखणाऱ्यालाही ठाऊक असतं. तो तुम्हाला सांगत नाही एवढंच.

आणि तुमच्याकडे मुळात आखलं कुणी? मंजूर लेआउटमध्ये निदान दहा टक्के मोकळी जागा सोडावी लागते, रस्त्याची रुंदी ठरलेली असते. गुंठेवारीत रान विकलं गेलं ते दोरी टाकून. दोन-दोन गुंठे पाडले, मधे दहा-पंधरा फुटांचा बोळ. २००१ च्या गुंठेवारी कायद्याने अशी घरं नियमित करायची सोय झाली, पुढे २०२० अखेरपर्यंतच्या बांधकामांनाही ती मिळाली. घर नियमित झालं, पण रानाच्या खालच्या अंगाला पाणी काढून देणारा जो चर होता तो कागदावर कुणाच्याच प्लॉटमध्ये नव्हता, म्हणून तो कुणीतरी बुजवला. मी घर घेणाऱ्यांना दोष देत नाही. १९९८ साली तीन गावांची महापालिका झाली, २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या पाच लाखांवर गेली. ही माणसं कुठंतरी राहणारच, आणि गावभागात दोन गुंठे त्यांना परवडणारे नव्हते.

तुमच्या गल्लीने करायचं काम असं. भूमी अभिलेख कार्यालयातून गटनकाशा आणि जुनी टिपणं काढा. रानं असतानाचे बांध आणि ओघळ त्यातून कळतात. वस्तीतल्या जुन्या शेतकऱ्याला सोबत घेऊन चर कुठून जायचा ते जागेवर खुणा करून घ्या. मग डंपी लेव्हल, म्हणजे जमिनीचा उंचसखलपणा मोजायची दुर्बीण, लावणारा कुणी गाठून गल्लीच्या दोन्ही टोकांची उंची मोजा. नुसतं "गटार करून द्या" असा अर्ज दिला तर गटार मिळेलही, पण उलट्या उताराचं. अर्जासोबत उंचीचे आकडे जोडा. आकडे जोडलेला अर्ज बाजूला सारायला साहेबाला जरा जड जातं.

प्रश्न : बाई, बुधगावच्या हद्दीत माझं एकरभर काळं रान हाय. खालच्या अंगाला प्लॉट पडलं. त्यांनी बांधाला लागून पाच फुटी कंपाउंड घातलं, चराचं तोंड मुजवलं. आता सोयाबीनमधलं पाणी आठ-आठ दिस हटत न्हाई. वर तीच लोकं म्हणत्यात, तुमच्या रानाचं पाणी आमच्या घरात येतंय. आणि तुमच्यासारखी शिकलेली माणसं म्हणत्यात, शेतात पाणी मुरतं. काळ्या रानात कुठलं मुरतंय? वाफसा यायला पंधरा दिस लागत्यात.
— बुधगाव, ता. मिरज

उत्तर : दादा, तुमचा मुद्दा बिनतोड आहे, आणि शहरातले बरेच इंजिनीअर इथंच चुकतात. उन्हाळ्यात काळ्या रानाला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. पहिले एक-दोन वळीव त्या गिळून टाकतात. पण एकदा ही माती भिजून फुगली की भेगा मिटतात आणि वरचा थर जवळजवळ बंद होतो. ऑगस्टात तुमचं रानही पाणी फेकतं. मघाशी मी तीस टक्के धरले ते पावसाळ्याच्या सुरुवातीचे समजा. भिजलेल्या रानाला पन्नास धरावेत.

पण रानात पाणी मुरत नसलं तरी बसतं. ऊस लावताना चार फुटी सरी वीतभर खोल पाडता ना? ती उताराला आडवी असेल तर हिशेब करून बघा, सगळ्या सऱ्या मिळून पन्नास मिलिमीटर पाऊस पोटात धरतात. एकराला दोन लाख लिटर. सरी उताराच्या दिशेने असेल तर हे खोटं, मग ती पन्हाळीसारखी खाली नेते. बांध कोरून कोरून पायवाटेएवढा राहिला असेल तरी खोटं, आणि आपल्याकडे बांध कोण कोरतं ते मी लिहीत नाही. सपाट काँक्रीटवर पाणी बसायला अशी जागाच नाही. वस्ती आणि रान यांतला फरक मुरण्यापेक्षा बसण्याचा जास्त आहे.

एक कबूल करायला हवं. पाऊस चार दिवस धरून पडला, सऱ्या भरल्या, जमीन तुडुंब झाली की रान आणि वस्ती यांत फारसा फरक उरत नाही. २०१९ सारख्या महापुराचं पाणी घाटात पडलेलं होतं. सांगलीतल्या काँक्रीटने त्याचं आकारमान वाढवलं असं म्हणणं अतिशयोक्ती आहे. काँक्रीट नडतं ते तासा-दोन तासांच्या जोरदार सरीत, आणि तसल्या सरी दरवर्षी येतात.

आता तुमच्या कंपाउंडचं. वरच्या जमिनीवर पडलेलं पाणी नैसर्गिक उताराने खालच्या जमिनीत वाहू देणं, हा वरच्या मालकाचा हक्क १८८२ च्या सुखाधिकार कायद्यात उदाहरणासकट दिलेला आहे. आणि तुमच्यासाठी त्याहून जवळचा रस्ता तहसील कचेरीत आहे. मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६, कलम ५. शेतजमिनीवरच्या पाण्याचा नैसर्गिक प्रवाह कुणी बेकायदा अडवला आणि त्याने तुमच्या जमिनीचं नुकसान होत असेल, तर अडथळा काढून टाकायचा आदेश तहसीलदार देऊ शकतात. मुदत सहा महिन्यांची आहे, तेव्हा दिवाळी झाल्यावर बघू म्हणू नका. भिंत कधी बांधली त्याचा पुरावा आणि पाणी उभं असतानाचे फोटो जोडा.

पण आधी त्या प्लॉटवाल्यांशी बसून बोला, असं मी सुचवेन. त्यांची तक्रारही खोटी नाही. पूर्वी चरातून एका जागी जाणारं पाणी आता भिंतीला तुंबून, जिथं फट सापडेल तिथून त्यांच्या घरात शिरतंय. चर पुन्हा उघडून दोन-अडीच फुटी पाईप टाकला, त्याचं तोंड खालच्या नाल्यापर्यंत नेलं, तर तुमचं सोयाबीन आणि त्यांची फरशी दोन्ही वाचतील. खर्च निम्मा-निम्मा. कोर्टातली तारीख याहून महाग पडते.

प्रश्न : समोरच्यांनी तीन फूट भराव टाकून नवं घर बांधलं. आमच्या गल्लीचा रस्ता दोनदा डांबरी झाला, मग काँक्रीटचा झाला, आणि आता आमचं जोतं रस्त्याच्या खाली गेलंय. हे म्हणतात, जॅक लावून घर उचलून घेऊ. एवढा खर्च करावा का?
— दत्तनगर, सांगली

उत्तर : ताई, घर उचलायचं की नाही ते घराच्या पायावर ठरेल, आणि पाया बघितल्याशिवाय मी हो म्हणणार नाही. जुन्या विटांच्या, विनाकॉलमच्या घरासाठी तर नाहीच. ज्याने घर प्रत्यक्ष तपासलं आहे अशा स्ट्रक्चरल इंजिनीअरची सही हवी. जॅकवाल्याचा व्हॉट्सअॅपवरचा व्हिडिओ चालणार नाही.

समोरच्यांच्या भरावाबद्दल मात्र बोलायचंय. दोन गुंठ्यांवर तीन फूट मुरूम टाकला म्हणजे जवळपास एक लाख ऐंशी हजार लिटर पाणी बसायची जागा बुजवली. ते पाणी आटलं नाही. ते सरकून तुमच्याकडे आलं. उद्या तुम्हीही उचललंत तर तिसऱ्याकडे जाईल, आणि गल्लीत शेवटी जो भाड्याने राहतो किंवा ज्याच्याकडे पैसे नाहीत त्याच्या घरात कायमचं उभं राहील. घराचं जोतं उंच घ्यायला माझी हरकत नाही, घ्यायलाच हवं. पण मुरूम फक्त घराखाली टाका. अंगण, बोळ, झाडाची जागा आहे त्या पातळीला ठेवा. किंवा घर खांबांवर घ्या, खाली गाडी लावा. पाण्याला खालून जाऊ द्या.

आणि रस्त्याचं. नवा थर टाकताना जुना खरवडून काढला तर रस्ता वर चढत नाही. निविदेत खरवडण्याची बाब असते किंवा घालता येते. ठेकेदाराला ते नको असतं, कारण खरवडायला यंत्र लागतं आणि वर थर ओतायला नुसतं डांबर पुरतं. तुमच्या नगरसेवकाला रस्ता मागताना "रस्ता करा" म्हणू नका, "रस्ता आहे त्या पातळीला करा" म्हणा. उद्घाटनाचा नारळ फुटायच्या आधी. नंतर काही होत नाही.

प्रश्न : नदी आमच्या गल्लीपासून चांगली लांब असते, तरी चेंबरमधून पाणी वर येतं. आणि सगळा दोष अलमट्टीचा असताना तुम्ही आमच्या ओट्या-अंगणाची चौकशी कशाला करता?
— खणभाग, सांगली

उत्तर : आधी चेंबर. तुमचं गटार शेवटी एखाद्या नाल्यात आणि नाला कृष्णेत उतरतो. आयर्विन पुलाजवळ इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट, हे सांगलीत पोराटोरांनाही पाठ आहे. पण नाल्यांची तोंडं त्याच्या खाली आहेत. म्हणजे इशारा द्यायच्या आधीच तोंड बुडतं, आणि पाणी उलट्या पावली गटारातून शहरात शिरतं. काठावरून चढून येणारी नदी आपल्याला दिसते. ही गटारातून आलेली दिसत नाही, आणि तिच्याबरोबर शहराचं सांडपाणी नेणाऱ्या शेरीनाल्यात काय काय वाहतं तेही येतं.

यावर तोंडाशी झडप बसवतात. नदी चढली की झडप बंद होते. चांगली गोष्ट. पण झडप बंद असताना शहरात पाऊस पडला तर? ते पाणी आता बाहेर जाऊच शकत नाही. दहा एकरांचे ते सेकंदाला ५४० लिटर आठवा. ते पंपाने उचलून टाकावे लागतील, आणि त्यासाठी वीज लागेल, जी पुरात पहिली जाते. म्हणून झडपेच्या आतल्या बाजूला पाणी थोडा वेळ थांबेल अशी खोलगट मोकळी जागा लागते. जुन्या सांगलीत अशा जागा होत्या. त्यांना आपण "पडीक" म्हटलं आणि विकल्या. तुमच्या ओट्या-अंगणाची चौकशी एवढ्यासाठीच. झडप बंद असेल त्या दिवशी तुमच्याकडून जेवढं कमी येईल तेवढं पंपाचं काम कमी.

आता अलमट्टी, म्हणजे कृष्णेवरचं कर्नाटकातलं धरण. त्याचं पाणी मागे फुगून सांगलीत पूर येतो, ही तक्रार. त्याची पूर्ण संचय पातळी, म्हणजे धरण भरल्यावर पाण्याची समुद्रसपाटीपासूनची उंची, ५१९.६० मीटर, आणि ती ५२४ मीटरच्या वर न्यायचा कर्नाटकचा बेत आहे, त्याला महाराष्ट्राचा विरोध आहे. २०१९ च्या पुरानंतर नेमलेल्या वडनेरे समितीने अलमट्टीला थेट जबाबदार धरलं नाही. सांगलीतल्या अनेक जाणत्यांना ते मान्य नाही, आणि उंची वाढवण्याला विरोध करणं मलाही रास्त वाटतं. पण नुसतं तिकडे बोट दाखवत बसलो तर जवळचं दिसत नाही. हरिपूरला वारणा मिळते. वारणा फुगली की कृष्णेचं पाणी सांगलीत मागे रेटलं जातं. पुढे नरसोबाच्या वाडीला पंचगंगा मिळते, तिचंही तेच. त्यात पुलांच्या दोन्ही बाजूंचे रस्त्याचे भराव. पूर्वी पुराचं पाणी रानातून पसरून पुढे जायचं, आता भरावाला अडून पुलाच्या मोजक्या गाळ्यांतून जावं लागतं. आणि पूररेषेच्या आत आपण बांधलेली घरं, मंगल कार्यालयं, वीटभट्ट्यांचे ढीग. २००५ ला आयर्विनपाशी पाणी ५३ फुटांवर गेलं, २०१९ ला ५७ फुटांच्याही वर. प्रत्येक पुराचा पाऊस वेगळा, धरणांचे विसर्ग वेगळे, म्हणून या चार फुटांतले किती फूट भरावांचे आणि अतिक्रमणांचे ते असं वजाबाकीने काढता येत नाही. पण नदीची पसरायची जागा कमी केली की ती उंचीने वाढते, याला कुठल्या समितीचा अहवाल लागत नाही.

प्रश्न : दुकानदार म्हणतो, पेव्हर ब्लॉक घातले की पाणी मुरतं. खरं का?
— कुपवाड

उत्तर : ब्लॉकच्या खाली खडी आणि सांध्यांत जाड वाळू असेल तर थोडंफार. आपल्याकडे खाली मुरूम दाबून वर काँक्रीट ओततात, त्यावर ब्लॉक बसवतात आणि सांधे सिमेंटने भरतात. मग ते नक्षीदार काँक्रीट झालं. दुकानदाराला विचारा, खाली काय घालणार?

प्रश्न : आम्ही नवरा-बायको दोघंही नोकरीला. फ्लॅट बघतोय. बिल्डर सांगतो, "ब्ल्यू लाइनच्या बाहेर आहे, निर्धास्त घ्या." वीस वर्षांचं कर्ज काढणार आहोत.
— सांगली

उत्तर : निळी रेषा म्हणजे पंचवीस वर्षांतून सरासरी एकदा येणाऱ्या पुराची. लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्याची. शंभर वर्षांतून एकदा म्हणजे या वर्षी आला की पुढची नव्व्याण्णव वर्षं सुट्टी, असं नाही. दरवर्षी शंभरात एक शक्यता, एवढाच अर्थ. तुमच्या वीस वर्षांच्या हप्त्यांच्या काळात लाल रेषेपर्यंत पाणी एकदा तरी येण्याची शक्यता शंभरात अठरा आहे. निळ्या रेषेपर्यंत येण्याची शंभरात छप्पन्न, म्हणजे न येण्यापेक्षा येण्याचीच जास्त. "निळीच्या बाहेर" म्हणताना बिल्डर लाल रेषेबद्दल काय म्हणतो ते ऐका. गप्प बसला तर तुम्ही दोन रेषांच्या मधे आहात. तिथं बांधकामाला मनाई नसते, अटी असतात. जोतं किती उंच घ्यायचं, तळमजल्याचं काय करायचं. त्या अटी परवान्यात असतात. परवान्याची प्रत मागा आणि बिल्डरकडून घेण्यापेक्षा महापालिकेतून घ्या.

आणखी एक. पूररेषा नदीच्या पाण्याची असते. पहिल्या पत्रातलं घरचं पाणी कुठल्याही रेषेत काढलेलं नाही. त्यासाठी जुलैत, भर पावसात, फ्लॅटच्या गल्लीत जाऊन उभं राहा. बिल्डर साइट दाखवायला नेहमी डिसेंबरात बोलावतो. तिथल्या चहाच्या टपरीवाल्याला विचारा, पाणी कुठपर्यंत येतं. तो भिंतीवरची खूण दाखवेल.

प्रश्न : आमचा प्लॉट दीड गुंठ्याचा. रेन हार्वेस्टिंग करावं म्हणतो. महापालिकेने सक्ती केलेली नाही, पण स्वतःहून शोषखड्डा घ्यावा का? जमीन काळी आहे.
— वारणाली, विश्रामबाग

उत्तर : शेजारीच निघालात. सक्ती नाही याचं कारण असं, की राज्याच्या २०२० च्या बांधकामाच्या एकात्मिक नियमावलीत ही अट पाचशे चौरस मीटर आणि त्याहून मोठ्या प्लॉटला आहे. पाचशे चौरस मीटर म्हणजे जवळपास पाच गुंठे. सांगलीत पाच गुंठे कितीजणांकडे? दीड-दीड, दोन-दोन गुंठ्यांची सगळी वस्ती या अटीतून सुटते, आणि पाणी सर्वांत जास्त तिथंच तुंबतं. ही मर्यादा खाली आणावी असं माझं स्पष्ट मत आहे.

शोषखड्डा मात्र घेऊ नका. काळ्या मातीत, त्यातही पावसाळ्यात भूजल वर आलेलं असताना, तो पहिल्या आठवड्यातच डबकं होईल. खाली मुरूम किंवा कच्चा खडक आठ-दहा फुटांवर लागत असेल आणि भूजल त्याच्या खाली असेल, तरच विचार करा. शेजारच्या विहिरीत ऑगस्टात पाणी किती वर असतं ते बघा, लगेच कळेल.

तुम्ही पाणी मुरवू नका, थोपवा. हजार चौरस फुटांच्या स्लॅबवर वीस मिलिमीटर पाऊस पडला की दोन हजार लिटरला थोडं कमी पाणी होतं. हजार-हजार लिटरच्या दोन टाक्या जोडून ठेवल्या की जोरदार सरीची पहिली वीस मिलिमीटर तुमच्याकडे थांबली, गटारात गेली नाही. टाकी पाण्यासाठी वापरायची असेल तर वेगळी. ही थोपवायची टाकी पुढच्या सरीसाठी रिकामी हवी, म्हणून तिच्या तळाला अर्ध्या इंचाचं भोक कायम उघडं ठेवा. भरलेल्या टाक्या तेवढ्या भोकातून साधारण तीन तासांत रिकाम्या होतात. तोवर गल्लीचं पाणी ओसरलेलं असतं. वर ओव्हरफ्लोचा पाईप द्यायला विसरू नका आणि त्याचं तोंड शेजाऱ्याच्या भिंतीकडे नको. भोकात पानं अडकतात, म्हणून स्लॅबच्या पाईपला जाळी लावा आणि पावसाळ्यात दर रविवारी टाकीत डोकावून बघा. तळाला पाणी राहिलेलं दिसलं तर भोक तुंबलंय, तारेने मोकळं करा, नाहीतर डेंगीचे डास होतील.